चोरखिशाचा ब्लाऊज

आमच्या घराची पोलिसांनी झडती घेतली त्या दिवशी आमच्या ह्यांनी त्यांना आधी चहा विचारला, आणि काय काम काढलंत ते नंतर. छत्तीस वर्षं संसार केलाय मी या माणसाबरोबर, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. दारात यम येऊन उभा राहिला तरी हे म्हणतील, "या, बसा, पंखा लावतो."

सकाळचे अकरा वाजले असतील. मी वरच्या खोलीत मशीनवर होते. आमचं घर पाथर्डी फाट्याच्या बाजूला एका कॉलनीत. खाली आम्ही दोघं राहतो, वर गच्चीला लागून एक खोली आहे आणि तिला बाहेरून जिना. पूर्वी ती खोली भाड्यानं द्यायचो. शेवटचा भाडेकरू चांगला पस्तिशीचा बाप्या, पण बोलणं इतकं गोड की विचारू नका. जाता-येता माझ्या पाया पडायचा. दिवाळीनंतर तो गेला आणि मी ह्यांना बजावलं, आता भाडेकरू बास, ती खोली माझी. तीस वर्षं मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून बायकांचे ब्लाऊज शिवले आणि "ताई, ब्लाऊजला लसणाचा वास येतो हो" हे ऐकून घेतलं. आता मला माझं दार आहे, पडदा आहे, खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. अजून काय पाहिजे?

तर खालून ह्यांची हाक आली, "अगं, पाहुणे आलेत!" खाली येऊन बघते तर पाहुणे खाकीत. एक तरुण साहेब, एक मोबाइल हातात धरलेला शिपाई आणि एक महिला शिपाई, तिशीच्या आतबाहेरची. साहेबांनी नीट सांगितलं. आमच्या त्या गोड भाडेकरूनं म्हणे खोट्या नावांवर सिमकार्डं घेऊन लोकांना फोनवरून गंडवलं होतं. पकडला गेला, आणि कागदावर राहतं घर म्हणून आमचा पत्ता निघाला. त्यानं काही कार्डं खोलीत लपवून ठेवलीत का, ते बघायचं होतं.

"भाडेकरूची माहिती आम्हीच पोलीस ठाण्यात दिली होती," हे अभिमानानं म्हणाले.

"म्हणूनच तर पत्ता सापडला, काका," साहेब म्हणाले.

मी मात्र पेटले. "आमच्यावर काही आळ आहे का?"

"छे, मावशी. तुमच्यावर काहीच नाही."

"मग माझ्या खोलीत हात कशाला घालताय? तिथं आता मी बसते. लोकांच्या बायकांचे कपडे आहेत तिथं."

त्यांनी झडतीचा कागद पुढे केला. मी चष्मा लावून दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचायची काही गरज नव्हती, पण म्हटलं थांबू देत जरा. ते थांबले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला पाहिजे. मग म्हणाले, "पंच लागतील. झडती घेताना शेजारची दोन प्रतिष्ठित माणसं समोर असावी लागतात, आम्ही काही गडबड करू नये म्हणून. काका, जरा बोलावून आणता का दोघांना?"

हे चपला घालून निघाले आणि दहा मिनिटांनी सात जणांना घेऊन आले.

सात! साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "काका, मी दोन म्हटलं होतं."

"हो, पण एका घरी सांगायचं आणि दुसऱ्या घरी नाही, बरं दिसत नाही ना," हे म्हणाले. यात ह्यांचं काहीच चुकलं नव्हतं, त्यांच्या मते. मुलीच्या लग्नात एका घराची पत्रिका राहून गेली होती, तर ते लोक तीन वर्षं आमच्याशी बोलले नव्हते. तेव्हापासून ह्यांनी धसका घेतलाय. झडती असो नाहीतर बारसं, बोलावणं सगळ्यांना.

ह्यांनी आणलेल्या मंडळींवरून मी नजर फिरवली. सर्वांत पुढे बाई होत्या.

बाई म्हणजे आमच्या गल्लीतल्या शिक्षिका. प्रतिष्ठित माणूस म्हटल्यावर ह्यांना पहिल्या त्याच आठवणार. दोन वर्षांपूर्वी बाई लांब सुट्टीवर गेल्या होत्या. पोटाचं ऑपरेशन आहे, असं त्यांनी कॉलनीत सांगितलं. परत आल्या आणि एका संध्याकाळी माझ्याकडे येऊन दार लावून घेतलं. पोटाचं नव्हतंच ते. कर्करोग होता आणि डावी छाती काढून टाकली होती. "ताई, मला कीव नको," त्या म्हणाल्या. "फळ्याकडून मुलांकडे वळताना मला ते विसरता आलं पाहिजे, बस." मी त्यांच्यासाठी तीन ब्लाऊज शिवून उसवले तेव्हा कुठे चौथा जमला. आतून चोरखिसा, त्यात मऊ पॅड, पॅडला बेताचं वजन, नाहीतर एक खांदा वर जातो. त्यांचे यजमान, डॉक्टर आणि मी, एवढ्यांनाच हे माहीत. बाईंना ते तसंच ठेवायचं होतं, आणि का ठेवायचं हे मी कधी विचारलं नाही.

आणि त्या दिवशी त्यांचा नवा मोरपंखी ब्लाऊज वरच्या खोलीत माझ्या टेबलावर पडला होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही ते आठवलं होतं.

साहेबांनी पंच निवडले. बाई शिक्षिका म्हणून पहिल्या. दुसरं कोण, असं ते विचारायच्या आत समोरच्या वहिनी पुढे आल्या, "मी आहे की! मी पण प्रतिष्ठित आहे." या आमच्या वहिनी. मनानं खरंच चांगल्या, अडीअडचणीला धावून येतील, पण त्यांच्या कानावर सकाळी काही पडलं की दुपारच्या जेवणापर्यंत ते सगळ्या कॉलनीच्या ताटात असतं. मी डोळे मिटून घेतले. उरलेले पाच जण जायला तयारच नव्हते. ह्यांनी त्यांना गच्चीवर खुर्च्या मांडून दिल्या आणि चहाचं आधण ठेवायला खाली गेले.

खोलीत शिरण्याआधी साहेबांनी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. "आधी आमची झडती घ्या. आम्ही आत काही आणत नाही, हे तुम्ही बघायचं."

"राहू द्या हो," वहिनी लाजून म्हणाल्या.

"राहू द्या काय? दाखवू देत," मी म्हटलं. रुमाल, किल्ल्या आणि खोकल्याच्या दोन गोळ्या निघाल्या. खरं सांगते, त्यामुळे मला जरा बरं वाटलं. तेही माणूसच होते आणि त्यांनाही खोकला होता.

मग सुरू झालं. सिमकार्ड म्हणजे नखाएवढं. ते कुठेही मावेल. त्यामुळे त्यांनी माझे बटणांचे डबे पालथे केले, हुकांच्या पुड्या सोडल्या, मशीनचा खण ओढून बॉबिना मोजल्यासारख्या चाळल्या. शिपाई मोबाइल धरून सगळं टिपत होता. नव्या कायद्यानं झडतीचं चित्रण करावंच लागतं म्हणे. माझी खोली, माझा पसारा, माझ्या खुर्चीवरची फाटकी उशी, सगळं त्या मोबाइलमध्ये जात होतं. चोर मी नाही, पण लाज मला वाटत होती. हे कुणाला सांगून कळत नाही, ज्याच्या घरात होतं त्यालाच कळतं.

तेवढ्यात साहेबांनी माझी मापाची वही उचलली. "पानांत काही चिकटवलेलं असेल. एकेक पान उलटून कॅमेऱ्याला दाखवा."

"खबरदार!" मी म्हटलं. माझा आवाज गच्चीपर्यंत गेला. "ती बायकांच्या मापाची वही आहे."

"मावशी, नियम आहे."

"माझाही नियम आहे. माप घेताना मी दार लावते, पडदा ओढते, आणि आमच्या ह्यांनाही वर यायची बंदी असते. ती मापं तुम्ही मोबाइलवर घेणार?"

साहेब काही ऐकेनात. आवाज चढला. आणि मग मला एकदम सुचलं. मी वहिनींकडे वळले आणि अगदी साधेपणानं म्हटलं, "बघू देत, वहिनी. तुमचंही आहेच की त्यात. छाती, कंबर, दंड, सगळं. गेल्या वर्षीचं आणि या वर्षीचं."

वहिनींनी चार महिने सगळ्यांना सांगितलं होतं की चालून चालून कंबर पाच इंच कमी झालीय. वहीत काय होतं ते मला माहीत आणि त्यांना माहीत.

वहिनी अशा उसळल्या की साहेब एक पाऊल मागे सरले. "अहो साहेब, असं कसं? घरंदाज बायकांची मापं काय सरकारात जमा करणार? तुमच्या घरच्या बायकांची वही अशी उघडलेली चालेल तुम्हाला?" गच्चीवरच्या तीन बायकाही खुर्च्या सोडून दारात आल्या. त्यांचीही मापं त्याच वहीत होती. ह्यांनी सात जणांना आणलं म्हणून मी मनातल्या मनात ह्यांना जे जे बोलले होते, ते सगळं मी त्या क्षणी मागे घेतलं.

साहेबांनी हात वर केले. शेवटी ठरलं ते असं. वहीची पाठ कॅमेऱ्याकडे, पोट महिला शिपायाकडे. पानं तीच एकटी उलटणार, पंच तीन हात लांबून फक्त तिचे हात बघणार. तिनं भराभर पानं उलटली, वही उलटी करून झटकली. अस्तराचे चार तुकडे आणि एक वाळलेलं मोगऱ्याचं फूल पडलं. वहिनींनी विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं. मला हसू येत होतं. बाईसुद्धा किंचित हसल्या.

आणि मग ती महिला शिपाई टेबलावरच्या कपड्यांकडे वळली.

एकेक ब्लाऊज उचलायची, शिवणीवरून बोटं फिरवायची, बाजूला ठेवायची. पिवळा झाला, जांभळा झाला, मोरपंखी हातात आला. तिची बोटं आत गेली आणि थांबली.

"काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"सर, आतून खिसा आहे."

"ब्लाऊजला आतून खिसा? आणि तो भरलाय कशानं?" साहेबांचा आवाज बदलला. इतका वेळ शोधत होते ते सापडलं, असंच वाटलं असणार त्यांना. "उसवा तो."

शिपाई मोबाइल घेऊन पुढे सरकला. वहिनींनी मान लांब केली. बाईंनी खिडकीचा गज धरला होता आणि त्यांच्या ओठांचा रंग गेला होता. आणखी क्षणभरात त्या स्वतःच काहीतरी बोलल्या असत्या, पोलिसांना, मोबाइलला आणि वहिनींना एकदमच. असं नको होतं व्हायला.

"माझा आहे तो," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "माझं ऑपरेशन झालंय डाव्या बाजूचं. आत पॅड आहे. उसवायचा तर उसवा, पण आधी तो मोबाइल खाली करा."

आता गंमत बघा. तो ब्लाऊज चौतीसचा. मी अशी भरभक्कम, माझा एक दंडसुद्धा त्यात मावला नसता. पण पुरुषांना यातलं काय कळतंय! साहेबांचे कान लाल झाले. शिपायानं मोबाइल आपोआप खाली घेतला. महिला शिपायानं तो पॅड चारी बाजूंनी दाबून बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा ब्लाऊजकडे. "सर, पॅडच आहे," ती म्हणाली. "उसवायची गरज नाही. मला माहितीये हे." आणि तिनं ब्लाऊजची व्यवस्थित घडी घातली, पॅड आतल्या बाजूला ठेवून, आणि ढिगाच्या तळाशी सरकवला.

"माफ करा, मावशी," साहेब म्हणाले.

सिमकार्ड एकही मिळालं नाही. पंचनामा लिहिला, काहीएक मिळून आलं नाही असं त्यात आलं, पंचांनी सह्या केल्या, मला एक प्रत मिळाली. बाईंची सही जरा वाकडी आली. साहेबांनी उभ्या उभ्या चहा घेतला आणि ह्यांनी त्यांना फाटकापर्यंत सोडून वर "येत जा" म्हटलं!

दुपारच्या जेवणाआधी कॉलनीला कळलं की मला कर्करोग झाला होता आणि मी तो कुणाला कळू दिला नाही.

पुढचा आठवडा काय सांगू. द्राक्षांचे दिवस होते. रोज कुणीतरी द्राक्षं घेऊन यायचं. पेरू आले, डाळिंबं आली, एकीनं सिन्नरच्या भावाकडून गावरान अंडी मागवून दिली. वहिनी तर माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडल्या, "एवढं सोसलंत आणि एका शब्दानं बोलला नाहीत!" मला इतकं कानकोंडं झालं, पण काय करता? ज्या घरानं पत्रिकेवरून तीन वर्षं अबोला धरला होता, त्या घरची आजीसुद्धा काठी टेकत येऊन गेली.

ह्यांना मी एवढंच सांगितलं होतं, "मला काही झालेलं नाही. पण तुम्ही कुणाला काही बोलायचं नाही. का ते विचारायचं नाही." हे शब्दाला पक्के. कुणी विचारलं की गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "ती ठणठणीत आहे. पण मला बोलायची परवानगी नाही." झालं! त्यानं तर लोकांची खात्रीच पटली.

बाई झडतीच्या दिवशी संध्याकाळीच आल्या होत्या. रडत होत्या. "ताई, माझ्यामुळे तुम्हाला हे... मी सांगून टाकते सगळ्यांना."

"अजिबात नाही," मी म्हटलं. खरंच रागावले मी. "पोलीस आले म्हणून सांगणार? वहिनींनी मान लांब केली म्हणून सांगणार? तुमचं आहे ते. तुम्हाला वाटेल तेव्हा, वाटेल त्याला सांगा, नाहीतर कधीच सांगू नका. आणि माझी काळजी करू नका, मला द्राक्षं आवडतात."

रविवारी दुपारी ती महिला शिपाई आली. साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, मी ओळखलंच नाही आधी. बरोबर तिची आई, सटाण्याकडची, अंगभर पदर घेतलेली. उन्हातान्हात आली होती तरी डाव्या खांद्यावरचा पदर मुठीत घट्ट धरून ठेवलेला. मी दोघींना वर नेलं.

"मावशी, तो ब्लाऊज तुमचा नव्हता," मुलगी हळूच म्हणाली. "मला तेव्हाच कळलं होतं. तो तुमच्या दंडावरही चढला नसता."

मी टेबलावरची कात्री उचलून खणात ठेवली.

"कुणाचा ते मी विचारत नाही. विचारणारही नाही. माझ्या आईचं तसंच ऑपरेशन झालंय. सहा महिने झाले, ती घराबाहेर पडत नाही, आरशात बघत नाही. आज पहिल्यांदा बाहेर आणलंय. तिला तसा ब्लाऊज शिवून द्या. आणि..." ती अडखळली. "जिचा तो आहे, ती शाळेत, नाहीतर कामाला, कुठेतरी जात असेल ना? आईला एकदा तिच्याशी बोलायला मिळालं असतं तर."

"असं कुणी नाही माझ्याकडे," मी म्हटलं. टेप घेतली आणि तिच्या आईकडे वळले. "या, माप घेऊ."

"मी बरी शे," आई अहिराणीत म्हणाली आणि पदर सोडेना. मी कितीतरी मापं घेतलीत आयुष्यात, लाजणाऱ्या, गुदगुल्या होणाऱ्या, पोट आत ओढून धरणाऱ्या, सगळ्या बायका बघितल्या. पण ही माउली टेप बघून भिंतीपर्यंत मागे सरकली. मी टेप गळ्यात परत अडकवली. मला रडूच यायला लागलं होतं.

मग मी गच्चीवर जाऊन बाईंना फोन लावला. म्हटलं, असं असं आहे. तुमचं नाव कुणी घेतलेलं नाही, मी घेणार नाही. यायचं नसेल तर येऊ नका, मी काहीतरी सांगेन, खोटं बोलायची मला आता चांगली सवय झालीय. पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला.

"येते," बाई म्हणाल्या.

त्या घरच्याच साडीवर आल्या, केसही विंचरलेले नव्हते. दारात मुलगी उभी होती. तिला बघून बाई क्षणभर थबकल्या, मुलीनं मान खाली घातली. बाई आत गेल्या आणि त्या माउलीच्या शेजारी, अगदी खेटून बसल्या. मग आमच्याकडे बघून म्हणाल्या, "तू बाहेर बस. आणि ताई, तुम्हीसुद्धा."

माझ्याच खोलीतून मला बाहेर काढलं हो! दार लागलं, कडी लागली. मी आणि ती पोरगी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलो. आधी आतून काहीच ऐकू येईना. मग आईचं रडणं ऐकू आलं, मोठ्यानं, दाबून ठेवलेलं सगळं एकदम निघाल्यासारखं. मुलगी उठायला लागली, मी तिला हाताला धरून बसवलं. खूप वेळ गेला. ह्यांनी खालून "पाहुण्यांना चहा टाकू का?" विचारलं, त्यांना मी हातानंच गप्प केलं. आणि मग आत कोणीतरी हसलं. बाई नव्हत्या, बाईंचं हसू मला माहीत आहे. दुसरीच कुणीतरी खुदकन हसली, आणि मग दोघी हसायला लागल्या.

पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ती उठली आणि दाराला कान लावायला गेली. "मावशी, काय बोलत असतील हो आत?"

"तुला काय करायचंय?" मी म्हटलं. "बस इथं गप."

ती येऊन बसली.